रिक्षाचे तीन काळे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गाडीचा रंग ही काही नवलाची गोष्ट नाही. १९७२ साली आलेली बजाजची चेतक आकुर्डीत बनली, १९९८ साली लोकांपुढे आलेली टाटांची इंडिका पिंपरीत बनली आणि आज चाकणमधून कितीतरी कंपन्यांच्या गाड्या बाहेर पडतात. इथल्या एखाद्याला गाड्यांची छोटी मॉडेलं करण्याची हौस लागली तर त्यात आश्चर्य ते काय? पण होतं असं, की माप बरोबर असतं, जोडणी सुबक असते, तरी बघणारा म्हणतो, "खेळण्यासारखं दिसतंय." अशा वेळी दोष बहुधा रंगाचा नसतो, चकाकीचा असतो.

आपली नेहमीची रिक्षाच घ्या. तिचा पत्रा काळा, सीटचं रेक्झिन काळं आणि टायरही काळे. तिन्ही काळे, पण एकसारखे नाहीत. पत्र्यात समोरच्या दुकानाचं प्रतिबिंब दिसतं, रेक्झिनवर नुसती मंद झाक असते आणि टायरवर प्रकाश पडला तरी तो तिथेच विरून जातो. एकाच डबीतला काळा तिन्हींना फासला, तर रिक्षा प्लॅस्टिकच्या एका तुकड्यातून कापल्यासारखी दिसते. या तीन प्रकारांना ग्लॉस, सॅटिन आणि मॅट म्हणतात. मॉडेलकारांच्या परिचयाच्या हम्ब्रॉल एनॅमलमध्ये २१ नंबर म्हणजे ग्लॉस काळा, ८५ म्हणजे सॅटिन आणि ३३ म्हणजे मॅट. तामियाच्या रंगांत एक्स-१ चकचकीत काळा, तर एक्सएफ-१ मॅट. मात्र तामियाच्या ॲक्रिलिक रंगांवरही हेच नंबर असतात, म्हणून लेबलवर 'एनॅमल' लिहिलंय का, ते आधी वाचावं.

लेबल पुसलं गेलं असेल तर? ओला रंग सगळाच चमकतो, त्यामुळे डबीत डोकावून काही कळत नाही. रंग नीट ढवळा, प्लॅस्टिकच्या जुन्या चमच्यावर एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी चमचा ट्यूबलाइटखाली तिरका धरा. दांडीच्या कडा स्वच्छ दिसल्या तर ग्लॉस, पुसट दिसल्या तर सॅटिन, काहीच दिसलं नाही तर मॅट.

'नीट ढवळा' म्हटलं, त्याला कारण आहे. मॅट रंगात सिलिकासारखी बारीक पूड असते. तिच्यामुळे वाळलेला पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि प्रकाश विखुरतो. डबी महिनोन् महिने पडून राहिली की ही पूड तळाशी बसते. वरवर ढवळून रंग घेतला तर मॅट म्हणून आणलेला रंग चट्ट्याचट्ट्यांनी चमकतो आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. म्हणजे फिनिश ब्रशच्या टोकाशी बिघडतं असं नाही, पुष्कळदा ते डबीतच बिघडलेलं असतं. काडी तळाला टेकवून, तळ मोकळा लागेपर्यंत, दोन-तीन मिनिटं ढवळणं हाच त्यावर उपाय.

एनॅमलचा दुसरा शत्रू म्हणजे हवा. आपण याला ऑइल पेंट म्हणतो ते उगाच नाही. यातलं तेलयुक्त रेझिन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं. मॉडेलवर हेच हवं असतं, डबीत नको असतं. १४ मिलिलिटरची ती इवलीशी डबी. अर्धी संपली की उरलेल्या जागेत हवा भरते आणि रंगावर साय धरते. म्हणून डबीत ब्रश बुडवू नये. लागेल तेवढा रंग वाटीत घ्यावा, वाटीतला उरलेला रंग पुन्हा डबीत ओतू नये. काठाची खाच फडक्यानं पुसून मगच झाकण सगळीकडून सारखं दाबावं. खाचेत रंग वाळला की झाकण कधीच नीट बसत नाही. रंग कमी झाला असेल तर धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या गोट्या आत सोडाव्यात. पातळी वर येते आणि हवेला जागा उरत नाही.

साय धरलीच तर ती फोडू नका. कडेनं कापून अखंड उचला आणि खालचा रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. पण सगळा रंगच जेलीसारखा झाला असेल, तर त्यात कितीही टर्पेंटाइन ओतून उपयोग नाही. दह्याचं पुन्हा दूध होत नाही. आणि घरात आहे म्हणून एनसी थिनर तर मुळीच घालू नका. त्यानं मॉडेलचं प्लॅस्टिकच विरघळतं.

डब्या ठेवायच्या कुठे? पत्र्याखालच्या माळ्यावर नको, मे महिन्यात तिथे भट्टी होते. गॅसजवळ नको, देवघरातल्या समईजवळ नको आणि फ्रिजमध्येही नको, कारण यातली वाफ पेट घेणारी असते. सावलीतलं, लहान मुलांचा हात पोचणार नाही असं कुलपाचं कपाट उत्तम. पावसाळ्यात डब्या गंजतात, म्हणून अधूनमधून पुसाव्यात. झाकणावर रंगाचा एक ठिपका आणि उघडल्याची तारीख लिहावी. रंगाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेलाचा रंग वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. पुष्कळ घरांत दाराखिडक्यांचा उरलेला जुना ऑइल पेंट माळ्यावर असतो आणि हौशी माणसाचा हात आधी तिकडे जातो. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात शिसं किती, हे आपल्याला नुसतं बघून सांगता येत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं आणि मूल हातातली वस्तू तोंडात घालणारच. नातवासाठी रिक्षा रंगवायची असेल तर तो डबा वापरू नका, त्याचा वाळलेला रंग घासूही नका. मोरीतही ओतू नका. पवना आणि इंद्रायणीला आधीच पुष्कळ सोसावं लागतंय. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. तेव्हा झाकण लावून, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, वेगळे द्या.

तेव्हा आजच्या रविवारी एवढं करा. कपाटातल्या डब्या बाहेर काढा, एकेक ढवळा, एकेका चमच्यावर एकेक हात द्या. सकाळपर्यंत कळेल, आपल्या रिक्षाला लागणारे तिन्ही काळे घरात आहेत की नाहीत.