दिवाळीतला किल्ला

दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. यातून युद्धाचा गौरव होतो का, असे आपण विचाराल. तो किल्ला नीट पाहा. बुरुजाशेजारी विहीर असते, उतारावर अळीव उगवलेले असते, पायथ्याशी बाजार भरलेला असतो. मावळे पहाऱ्यावर असतात; मेलेला कोणीच नसतो. मुलांच्या मनात असते ती राखण.

उणीव आहे ती आपल्या सांगण्यात. जुलै १८०१ मध्ये याच उज्जैनपाशी यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसरला मराठेच मराठ्यांशी लढले. दुसरा बाजीराव पुण्याहून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह करून बसला.

आपल्यातली काही घराणी शिंद्यांबरोबर माळव्यात आली, काही होळकरांबरोबर. तेव्हा किल्ला जरूर करू द्या. मात्र ‘शत्रू कुठून येतो?’ असे नातवंडाने विचारले, तर दर वेळी दिल्लीकडे बोट दाखवू नका. १८०१ सालचे उज्जैनही सांगा.