मोजणीत नसलेली माणसं



या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. आभार एवढ्यावरच थांबवतो. दीड वाजला की मागच्या मांडवात कढया उतरतात आणि सभागृहाचं लक्ष तिकडे जातं, हे सहल व्यवसायातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

आपल्याला एक गोष्ट झोपेतही जमते, ती म्हणजे हेडकाउंट. बस सुटण्याआधी टूर मॅनेजर मधल्या वाटेतून बोट नाचवत जातो. ‘एकोणचाळीस, चाळीस... जोशीकाका कुठे राहिले?’ काका सापडेपर्यंत बस हलत नाही. या मोजणीत चालक नसतो, क्लीनर नसतो, डिकीत पातेली बांधणारा आचारी नसतो. मोजणारा स्वतःलाही धरत नाही. आज बोलायचं आहे ते या न मोजलेल्यांबद्दल.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबला आग लागली. २५ माणसं गेली. बातमी कानावर आली तेव्हा मी मनात पर्यटकच धरले होते. तुमच्यातल्या अनेकांचं तसंच झालं असणार. पुढे कळलं की पर्यटक ५ होते आणि कर्मचारी २०. बहुतेक जण गुदमरून गेले. पुष्कळसे तळघरात, स्वयंपाकघराच्या बाजूला अडकले होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ इथून पोटासाठी आलेली मुलं होती ती.

हा आकडा असा का पडला, हे आपल्याला कळतं, कारण आपण हॉटेलांच्या मागच्या दारानेही आत जातो. समुद्र, तळं, बाग हे सगळं पाहुण्यांच्या वाट्याला. भटारखाना, लाँड्री, स्टाफचं जेवणघर यांना उरते ती भाडं न मिळणारी जागा: जिन्याखाली नाहीतर तळघरात. मागचं दार कांद्याच्या पोत्यांनी अडलेलं असतं, किंवा माल बाहेर जाऊ नये म्हणून कुलूपबंद असतं. पाहुण्याच्या खोलीत दारामागे बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा असतो. भटारखान्यात तसा नकाशा तुम्ही कधी पाहिलाय? या मोसमात मी आमच्या नेहमीच्या आठ हॉटेलांत मुद्दाम आत जाऊन बघितलं. एका ठिकाणी होता, आणि त्यावर बटाट्याच्या भावाचा तक्ता चिकटवलेला होता.

आता स्वतःचं सांगतो. १९९६ च्या दिवाळीतली राजस्थानची सहल. जैसलमेरहून निघायला उशीर झाला आणि उदयपूरच्या खोल्या तर ठरलेल्या. चालक आदल्या रात्री जेमतेम दोन तास झोपला होता, तेही बसच्या मधल्या वाटेत पोतं अंथरून. मला म्हणाला, “साहेब, दोन तास पाठ टेकू द्या.” मी म्हणालो, “उदयपूरला पोचून झोप रे बाबा, लोक ओरडतायत.” पहाटे पावणेचारला बस रस्ता सोडून बाभळीच्या झुडपांत शिरली. बाजूला भुसभुशीत वाळू होती म्हणून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका काकूंच्या चष्म्याची काडी तेवढी मोडली. चष्मा मी भरून दिला आणि चालकाचा दोन दिवसांचा भत्ता कापला. चष्म्याची गोष्ट मी आजवर पुष्कळ ठिकाणी विनोद म्हणून सांगितली आहे. भत्त्याची आज पहिल्यांदाच सांगतोय.

सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे संशोधकांनी १९९७ मध्येच मोजून दाखवलं. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मुभा आहे ती ०.०३ टक्क्यांची. म्हणजे आयुष्यात दारूला न शिवलेला माझा चालक त्या पहाटे दारुड्याच्या हिशेबात बसत होता, आणि त्याला ती पाजली होती मी.

कायदा नव्हता असं म्हणायची सोय नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला दिवसाला १० तासांपर्यंत सूट. जिथे रात्रीचा मुक्काम पडतो तिथे विश्रांतीची खोली. हे सगळं माझ्या शाळेच्या वयात लिहून झालं होतं. पण तो कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा होता, आणि आपली बस कुणाची असते? तीन गाड्यांच्या मालकाची. तो म्हणतो, कार्यक्रम सहलवाल्यांनी ठरवला. आपण म्हणतो, चालक त्याचा. हॉटेल म्हणतं, चालक आमचा पाहुणा नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि चालक डासांत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदाही त्यांतल्या एकीत सामावला. पण १९६१ चा कायदा आपण कधी उघडून बघितला नव्हता, तेव्हा संहिता आपोआप उघडेल अशा भ्रमात मी नाही. तमिळनाडूने २०२३ मध्ये निराळी वाट धरली. बांधकामाच्या नियमांतच बदल करून हॉटेलांनी पाहुण्यांच्या चालकांसाठी झोपायची आणि स्वच्छतागृहाची सोय करावी, असं ठरवलं. मला ही वाट जास्त पटते. खोली नकाशावर आली की ‘चालक कुणाचा’ हा वाद उरत नाही.

आचाऱ्यांकडे येतो. काश्मीरमध्ये श्रीखंड-पुरी आणि उटीला पिठलं-भाकरी वाढणं हा मराठी सहलींचा लौकिक आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. तो लौकिक ज्या शेगडीवर शिजतो तिच्याकडे मात्र आपण बघत नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकाजवळ लखनौहून आलेल्या सहलीचा डबा जळाला, ९ माणसं गेली. नियम मोडून डब्यात गॅस सिलिंडर नेला होता. सहल आपली नव्हती, पण पद्धत ओळखीची आहे. सिलिंडर गोणपाटात गुंडाळून ‘भांडी आहेत’ म्हणून चढवायचा, आणि रात्री त्याच्याच शेजारी आचाऱ्याने अंग टाकायचं. पुरी हवी असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी परवानगीचं, हवेशीर स्वयंपाकघर भाड्याने घ्या. सहलीचे पैसे थोडे वाढतील. वाढवा. सहप्रवाशांना कारण सांगा, ते देतील. नाहीच दिले तर एक दिवस पोहे खातील.

आता मुलींबद्दल. आज आपल्याकडे टूर मॅनेजर म्हणून कितीतरी मुली काम करतात आणि स्पष्टच सांगतो, आपल्यापेक्षा चोख करतात. त्यांतल्या एकीने मला विचारलं, “सर, रात्री साडेअकराला पाहुणा दार वाजवून ‘गरम पाणी आणून दे’ म्हणाला, तर ती सेवा की त्रास?” तिच्या कार्यालयाने तिला ‘सांभाळून घे, जुने ग्राहक आहेत’ असं सांगितलं होतं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहन हे कामाचं ठिकाणच मानलं आहे. कामाच्या संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसापासून संरक्षण देणं हेही मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे बस, हॉटेलचा मजला, विमानतळ हे सगळं आपलं कार्यालय. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. जुना ग्राहक हा कायद्यातला अपवाद नाही.

विमा घेताना तर आपली गंमतच होते. पर्यटकाच्या फॉर्मवर विम्याची खूण आपणच करून देतो, आणि बॅग उचलणाऱ्याचं नावही विचारत नाही. एप्रिल २०१४ मध्ये एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. दुसऱ्यांच्या मोहिमांची वाट तयार करायला, सामान वाहायला ते वर गेले होते. नेपाळ सरकारने कुटुंबांना सुरुवातीला ४० हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पा चिडले आणि त्या वर्षी नेपाळच्या बाजूने मोहिमा जवळजवळ झाल्याच नाहीत. त्यानंतर विम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख झाली. आपण इतके चिडायची वेळ कुणावर आणू नये. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यांत एक स्थानिक घोडेवाला होता. पर्यटकांना वाचवायला तो आडवा गेला. त्याला आपण सगळ्यांनी वंदन केलं, केलंच पाहिजे. पण त्याच वाटेवरच्या उरलेल्या घोडेवाल्यांचा अपघात विमा आपल्यापैकी किती जणांनी उतरवला? मी नव्हता उतरवला. या मोसमापासून आमच्या सहलींत घोडेवाला, डोलीवाला, क्लीनर या सगळ्यांची नावं यादीत असतील आणि टूर मॅनेजरने मोजलेला आकडा ‘बेचाळीस अधिक सहा’ असा लिहिला जाईल. ठराव वगैरे मी मांडणार नाही. आपल्या अधिवेशनांतल्या ठरावांचं काय होतं, ते कार्यालयातल्या कपाटाला विचारा.

आता एक सूचना, स्वागताध्यक्षांच्या परवानगीने. सकाळी मी वाहनतळावर गेलो होतो. तुम्हाला घेऊन आलेल्या अकरा गाड्यांचे चालक आणि क्लीनर टायरला टेकून बसले होते. दुसऱ्या मजल्यावरचा छोटा हॉल त्यांच्यासाठी उघडला आहे, गाद्या घातल्या आहेत. पाच वाजेपर्यंत कुणीही त्यांना बॅग काढायला, एसी लावायला उठवू नये. पहिली पंगत त्यांची होऊन गेली आहे. नांदेडच्या गाडीचा चालक मात्र काल पहाटेपासून जागाच होता, हे त्याच्याकडूनच कळलं. त्या गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. ती गाडी आज संध्याकाळी नाही, उद्या सकाळी सातला सुटेल. नांदेडच्या मंडळींनी जेवायला बसण्याआधी घरी फोन करून घ्यावेत.