शेवट सांगू नकोस

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



साठ वर्षांच्या या शाळेत मी जवळजवळ तीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यांतील बराच काळ ग्रंथालयाच्या किल्ल्याही माझ्याकडे होत्या. अशा समारंभात शाळेचा गौरव करावा अशी प्रथा आहे आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो यथोचित केला आहे. मी मात्र एका चुकीपासून सुरुवात करणार आहे. चूक माझीच आहे, त्यामुळे ती सांगण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

नोकरीचे दुसरे वर्ष होते. नववीच्या वर्गात समासाचा तास चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा व्याकरणाच्या पुस्तकात दुसरे पुस्तक ठेवून वाचत होता. पाहिले तर रहस्यकथा, तीही भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयातली. मी ती काढून घेतली, वर्गासमोर दोन शब्द सुनावले आणि पुस्तक कपाटात टाकले. तो दोनदा मागायला आला. “वडिलांना घेऊन ये,” असे मी सांगितले. त्याने वडिलांना आणले नाही. वाचनालयाची भरपाई त्याने कशी केली असेल, याची चौकशी मी केली नाही. त्यानंतर तो ग्रंथालयाच्या तासाला येई, पण पुस्तक घेत नसे. दहावी उत्तीर्ण होऊन तो गेला आणि मी तो प्रसंग विसरून गेले.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी ग्रंथालय दुसऱ्या खोलीत हलवताना ते पुस्तक खालच्या कप्प्यात सापडले. टाकून देण्यापूर्वी सहज शेवटचे कोरे पान उघडले. त्यावर पेन्सिलीने चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले होते. पहिले वाक्य : “पहिली चाळीस पाने कंटाळवाणी आहेत, पण सोडू नकोस.” त्याखाली : “रात्री एकट्याने वाचू नये. मी वाचले.” त्याखाली : “माझा संशय नोकरावर होता. मी फसलो.” आणि सर्वांत खाली, जरा रागाने दाबून लिहिलेल्या अक्षरांत : “वरच्याने हे सांगायला नको होते.”

पालकहो, ते पान वाचून मी खाली बसले. चार मुलांच्या हातून पाचव्याकडे चाललेली एक वस्तू मी वाटेत अडवली होती. त्या चौघांपैकी कोणीही गुन्हेगाराचे नाव लिहिले नव्हते. इतका संयम त्यांना कोणत्या शिक्षकाने शिकवला होता? निदान मी तरी नाही.

आपण ज्या शहरात राहतो, त्या वडोदऱ्याला पुस्तके लोकांपर्यंत नेण्याची मोठी परंपरा आहे. महाराजा सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालयांची यंत्रणा उभी केली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठविली जात. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीही. परंतु पेटी गावात पोहोचली म्हणजे पुस्तक वाचले गेले, असे होत नाही. पेटीतून नेमके कोणते पुस्तक उचलावे, हे सांगणारे माणूस लागते. मोठ्या माणसांसाठी ते काम ग्रंथपाल करतो, परीक्षणे करतात. तेरा ते सतरा या वयात मात्र ते काम बरोबरीचा मित्र किंवा मैत्रीणच करू शकते.

याचे कारण साधे आहे. मी एखादे पुस्तक मुलांना सुचविते तेव्हा त्यांना त्यात माझा हेतू दिसतो. याने भाषा सुधारेल, संस्कार होतील, निबंधात उपयोग होईल, असे काहीतरी मनात ठेवूनच मी ते दिले असणार, हे त्यांनी ओळखलेले असते. वर्गमित्र पुस्तक देतो तेव्हा त्याचा हेतू एवढाच असतो की, हे वाचून झाल्यावर याविषयी बोलायला मला कोणीतरी हवे आहे. शिवाय त्यात त्याची पत पणाला लागलेली असते. पुस्तक रटाळ निघाले तर पुढच्या वेळी त्याचे कोणी ऐकणार नाही.

त्या कोऱ्या पानानंतर आम्ही आठवी ते दहावीसाठी शनिवारी एक तास सुरू केला. त्याला नाव दिले नाही. मुलांनी उभे राहून एका रहस्यकादंबरीची शिफारस करायची, वेळ पाच मिनिटे. मी मागे बसायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही. हा शेवटचा नियम मुलांनी घातला आणि मला तो पाळणे सर्वांत अवघड गेले.

पुढे त्यांनी आणखी नियम केले. गुन्हेगार कोण ते सांगायचे नाही. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ असेही म्हणायचे नाही, कारण मग वाचणारा धक्क्याचीच वाट पाहत राहतो. पुस्तक पूर्ण वाचलेले नसेल तर तसे कबूल करायचे. शेवट पटला नसेल तर तो न सांगता तेवढेच सांगायचे. आणि पुस्तकात काही भीषण असेल तर आधी सूचना द्यायची.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम सांगितले होते. वाचकाला सारे धागेदोरे आधीच दाखवले पाहिजेत, त्याची फसवणूक करू नये, असा त्यांचा गाभा आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली लंडनमध्ये रंगमंचावर आले. त्याच्या प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती केली जाते की, रहस्य बाहेर कोणाला सांगू नका. आमच्या मुलांनी यांपैकी काहीही वाचलेले नव्हते. तरीही दुसऱ्याचा आनंद त्याच्याआधी आपण संपवू नये, हे तत्त्व त्यांनी स्वतःच शोधून काढले. संयम आणि प्रामाणिकपणा यांवर मी आजवर अनेक निबंध तपासले आहेत. त्यांपैकी एकातही ते दोन्ही गुण मला इतके स्पष्ट दिसले नाहीत.

आता मुले कोणती पुस्तके सुचवीत, ते सांगते. कारण माझा खरा मुद्दा तेथे आहे. सुरुवातीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. फुरसुंगीचा हा सायकलवीर मुलांना लगेच आपला वाटला. एकाने आजोबांच्या ट्रंकेतून बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ आणला. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स आला. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैनांच्या अनुवादातून आला, तेव्हा वर्गात फारच उत्साह होता. १९६५ साली ‘संदेश’ मासिकात अवतरलेल्या या गुप्तहेराच्या कथा त्याच्या नात्यातला धाकटा भाऊ तोपशे सांगतो, म्हणजे मुलांच्याच वयाचा निवेदक. त्यांतील एक कथा वेरूळच्या लेण्यांत घडते. बंगालीत लिहिलेली, महाराष्ट्रात घडणारी कथा गुजरातमधील मुले मराठीत वाचत होती. एका मुलीने त्याच तासाला अश्विनी भट्ट यांच्या गुजराती रहस्यकादंबरीची शिफारस केली आणि तिच्या कथानकाची मांडणी मराठीत करून दाखविली.

पुढच्या काळात इंग्रजी पुस्तके वाढत गेली. नॅन्सी ड्रू आणि हार्डी बॉइज तर होतेच. मग कॅरन मॅकमॅनस यांची २०१७ची ‘वन ऑफ अस इज लाइंग’ आली. शाळेत शिक्षा म्हणून थांबवलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी एकाचा मृत्यू होतो आणि उरलेले चारही संशयित ठरतात. होली जॅक्सन यांची २०१९ची ‘अ गुड गर्ल्स गाइड टु मर्डर’ आली. तिच्यात एक विद्यार्थिनी शाळेच्या प्रकल्पासाठी गावातील जुन्या खुनाचा पुन्हा तपास करते. मी निवृत्त झाले होते, तरी त्या शनिवारी मुलांनी मला मागच्या बाकावर बसायला बोलावले होते. त्या दिवशी दहावीतील एका मुलाने मला विचारले, “बाई, आमच्या वयाच्या मुलांचं, आजचं, असं रहस्य मराठीत कोणी का लिहीत नाही?” मला नीट उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

पण त्याच दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पुस्तक इंग्रजी असले तरी शिफारस मराठीत होत होती. आणि ती करताना मुलांना शब्द शोधावे लागत होते. सुगावा, संशयित, आळ, पाळत, साक्ष, बेपत्ता, उलटतपासणी. आपल्या मुलांचे मराठी घरात स्वयंपाक, देवपूजा आणि आजीशी बोलणे यांपुरते उरत चालले आहे. रिक्षावाल्याशी ती गुजराती बोलतात, पडद्यासमोर हिंदी ऐकतात, मोबाईलवर इंग्रजी लिहितात. मराठी ही मोठ्यांशी बोलण्याची भाषा होऊन बसली आहे. जी भाषा केवळ मोठ्यांशी बोलण्यासाठी असते, ती मोठ्यांबरोबरच संपते. मुलांना आपसांत, मोठ्यांना न कळता काही सांगायचे असते. ते ज्या भाषेत सांगितले जाते, तीच त्यांची स्वतःची होते. “शेवट सांगू नकोस” हे वाक्य मधल्या सुट्टीत एक मुलगी दुसरीला मराठीत ओरडून सांगते, तेव्हा मराठीचे जे काम होते, ते मराठी भाषा दिनाच्या भाषणांनी होत नाही. मी अशी बरीच भाषणे केली आहेत, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

काही पालकांच्या शंका मला ठाऊक आहेत. खून-मारामारीची पुस्तके मुलांनी का वाचावीत? ही शंका रास्त आहे. एकदा आमच्याही तासात चूक झाली. नववीतील एका मुलीने सुचविलेली प्रौढांसाठीची कादंबरी आठवीतल्या मुलाने नेली आणि पुढे काही दिवस तो रात्री झोपेना. त्याच्या आईने येऊन सांगितले. मी पुस्तकावर बंदी घातली नाही. तो प्रश्न वर्गासमोर ठेवला. त्यानंतर मुलांनीच ठरविले की, शिफारस करताना ‘कोणत्या इयत्तेपासून’ हे सांगायचे आणि शंका असेल तर आधी बाईंना दाखवायचे. म्हणजे मोठ्यांची गरज संपत नाही. फक्त आपण दारात पहारा देत उभे राहायचे की हाकेच्या अंतरावर बसायचे, एवढाच प्रश्न आहे. दुसरी शंका अभ्यासाची. याबाबत मी कोणतेही आश्वासन देत नाही. रहस्यकथा वाचून गुण वाढतात असे मी म्हणणार नाही. माझ्या हातून एक पुस्तक जप्त झाले म्हणून कोणाचे गुण वाढले, असेही मला दिसले नाही.

आता दोन विनंत्या.

माजी विद्यार्थ्यांनो, हीरक महोत्सवानिमित्त आपण ग्रंथालयाला देणगी देत आहात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्या रकमेतील काही भागाची यादी मुलांना करू द्या. त्यांनी निवडलेल्या पुस्तकांत आपल्या आवडीचे एकही नसेल, तरी चालवून घ्या. आणि आपल्यापैकी जे मराठीत लिहितात, त्यांनी त्या दहावीतल्या मुलाचा प्रश्न मनावर घ्यावा. त्याचे उत्तर भाषणात देता येत नाही. ते कोणीतरी लिहूनच द्यावे लागेल.

पालकहो, आपल्याला विनंती इतकीच की, एकदा आपल्या मुलाला विचारा : “मी काय वाचू?” तो जे देईल ते वाचा, आणि निम्म्यावर आल्यावर आपला संशय कोणावर आहे ते त्याला सांगा. तो हसेल, पण उत्तर देणार नाही. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहा.

ते जप्त केलेले पुस्तक आता ग्रंथालयाच्या कपाटात आहे. भाड्याने देणारे ते वाचनालय केव्हाच बंद झाले. नाहीतर मी दंड भरून आले असते. कोरे पान आता भरत आले आहे. ज्याच्या हातून मी ते घेतले, तो आज या सभागृहात आहे की नाही, मला माहीत नाही. असेल तर त्याने कार्यक्रमानंतर ग्रंथालयात यावे. पुस्तक त्याच्या नावावर नोंदवून ठेवले आहे. परत करण्याची तारीख लिहिलेली नाही.