पाठीवरचा खो

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण वाचनालयात झालं. आज वस्तीतल्या मुलींच्या खो-खोबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. बोलताना आमची एक चूकही कबूल करायची आहे.

शाळा जूनमध्ये उघडते, पाऊसही तेव्हाच येतो. शालेय स्पर्धा पावसाळ्यातच लागतात. म्हणजे सराव करायचा तो चिखलात. 2024 च्या पावसाळ्यात मैदानात घोटाभर पाणी होतं. खांबाला वळसा घालताना पाय सटकायचा. पाऊस फारच वाढला की मुली ह्याच सभागृहात सतरंज्या गुंडाळून ठेवायच्या आणि नुसतं उठण्या-बसण्याचा सराव करायच्या.

त्यात आमचीही मुलगी होती. घरात आजी आजारी, तिच्या आईची दुसरी पाळी आणि नळाला पाणी संध्याकाळी पाचला. आम्ही म्हणालो, "पाणी कोण भरणार? खेळ बंद." पोरगी काही बोलली नाही. दोन दिवस घरीच राहिली.

तिसऱ्या दिवशी पाचला बघतो तर नळावर संघातल्या सगळ्या मुली कळश्या घेऊन रांगेत उभ्या! म्हणाल्या, "काका, आम्ही भरतो, तिला सोडा." अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत झालं. आमचा मोठा मुलगा तेव्हा घरातच लोळत होता. त्याला कळशी उचल म्हणून आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. बंधूंनो, त्या दिवशी मान खाली गेली. समतेवर आम्ही चौकात भाषणं करतो, आणि ती आमच्याच घरात नव्हती.

खो-खो हा खेळ कसा आहे बघा. पाठलाग करणाऱ्या नऊ जणी. आठ जणी पाटीवर बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी धावते. तिला मागं फिरता येत नाही. गडी दुसऱ्या बाजूला गेला की तिनं बसलेलीच्या पाठीला हात लावून खो द्यायचा आणि तिच्या जागी आपण बसायचं. खो मिळण्याआधी उठलं तर फाऊल. म्हणजे धावण्याची हौस सोडून देणं आणि बसून जागं राहणं, दोन्ही शिकावं लागतं. गिरणीत तसंच असतं. एका खात्यानं हात आखडला की पुढच्या खात्याचं काम अडतं.

स्पर्धेत आपल्या मुली एका गुणानं हरल्या. शेवटच्या मिनिटाला एक मुलगी खांबाजवळ घसरली. बघणाऱ्यांतले काही जण मोठ्यानं म्हणाले, "हिच्यामुळं गेलं!" ती रडायला लागली. तेव्हा कप्तान पुढं होऊन म्हणाली, "काका, तिला खो उशिरा मिळाला. तो मी दिला होता." परतताना सगळ्या तिला मधे घेऊन भिजत चालत आल्या. वंदनेत आपण संघाला शरण जातो. त्या दिवशी खेळाच्या संघाला संघ का म्हणतात, ते आम्हाला कळलं.

19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्याआधी 2020 साली धाराशिवच्या सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या सगळ्याच मुली तिथं जातील असं आम्ही म्हणत नाही. पण घरी पाणी भरायचं आहे म्हणून एकही मुलगी मैदानाबाहेर राहू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

म्हणून विनंती आहे. पावसाळ्यात प्रत्येक मुलीला कोरड्या कपड्यांचा दुसरा जोड द्या. सराव संपताना अंधार पडतो, तेव्हा आणायला पालकांनी पाळीपाळीनं जावं. घरचं काम मुलग्यांतही वाटा. आणि हरून आल्या तर आधी चहा द्या, हिशेब नंतर.

आमच्या घरी आता पाचला मुलगा पाणी भरतो. सुरुवातीला कुरकुरला. आता विचारतो, "ताईची मॅच कधी आहे?"

मायबापहो, आपणही पाटीवर बसलेलेच आहोत. मुलींनी पाठीवर खो दिला आहे. आता उठायला हवं.

जयभीम!