हायब्रिड गाडीचा ब्रेक आवाज का करतो?

दहा-बारा वर्षं चाललेली हायब्रिड गाडी ब्रेक लावताना आवाज करू लागली, की गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं : पॅड संपले असतील, बदलून टाकू. साध्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत हा अंदाज सहसा बरोबर निघतो. हायब्रिडच्या बाबतीत तो बऱ्याचदा चुकतो, कारण या गाड्यांचे ब्रेक झिजून बिघडण्याआधी पुरेसे वापरले न गेल्यामुळे बिघडतात. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विक्रीला आली, भारतात ती २०१० मध्ये पोचली आणि २०१३ मध्ये कॅमरी हायब्रिड आली. त्या काळातल्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. अशी गाडी सांभाळणाऱ्याने किंवा सेकंडहँड घेणाऱ्याने पॅडचे पैसे मोजण्याआधी आवाज नेमका कुठून आणि केव्हा येतो हे पाहायला हवं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

हायब्रिडमध्ये पेडलवर हलका पाय ठेवला की मुख्य काम मोटरच करते. चाकांना जोडलेली मोटर जनरेटर बनते, गाडीच्या वेगातून वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. मुंबईच्या नव्या पिढीतल्या लोकल स्टेशनात शिरताना हेच करतात, फक्त त्या वीज वरच्या तारेत परत पाठवतात. पायाने किती जोर मागितला आणि त्यातला किती मोटरला झेपेल याचा हिशेब कॉम्प्युटर करतो, आणि उरलेला जोर ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅडकडून घेतो. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या आसपास उतरला की मोटरचा उपयोग संपत येतो आणि गाडी थांबवण्याचं काम पॅडकडे जातं. म्हणजे शहरातल्या सावकाश चालवण्यात पॅडच्या वाट्याला शेवटचे काही मीटरच येतात. म्हणूनच हे पॅड लाखभर किलोमीटर सहज टिकतात. पण डिस्क असते बिडाची, आणि ती स्वच्छ राहते ती पॅडने घासली जाऊनच. घासणं कमी झालं की गंज चढत जातो. आपल्या कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत तर पावसाळ्यात एका रात्रीत डिस्कवर तांबूस थर दिसतो.

आता आवाज कसा ओळखायचा ते पाहू. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर झाली आणि पुढे बंद पडली, तर तो रात्रीचा गंज. त्यात काळजीचं काही नाही. गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी जाड घरघर येत असेल, तर पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत काचेसारखा झाला आहे किंवा डिस्कच्या कडेला गंजाची कड तयार झाली आहे, असं समजावं. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं ब्रेकला पाय लावला काय, न लावला काय, तशीच राहत असेल आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे वळवल्यावर बदलत असेल, तर संशय ब्रेकवर नव्हे, चाकाच्या बेअरिंगवर घ्यायला हवा. एरवी इंजिनाच्या आवाजात बुडून जाणाऱ्या अशा बारीकसारीक गोष्टी हायब्रिडमध्ये ऐकू येतात, कारण थांबताना इंजिन बहुधा बंद असतं. मोटर वीज बनवतानाही एक बारीक सूर काढते, आणि अनेकजण तोच ब्रेकचा आवाज समजतात. हा गुंता सोडवायला एक साधी चाचणी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, ताशी चाळीसच्या वेगात गियर न्यूट्रलला घ्यावा आणि नेहमीसारखा ब्रेक लावावा. न्यूट्रलमध्ये मोटरची वीजनिर्मिती बंद असते, म्हणून सगळा भार पॅडवर येतो. आवाज वाढला तर दोष चाकाजवळ आहे. आवाज नाहीसा झाला तर तो मोटरचा सूर होता. घाट उतरतानाही असंच काहीसं घडतं. प्रियसची बॅटरी सुमारे १.३ युनिटची, आणि तिचाही एक भागच वापरात असतो. खंडाळ्याहून खाली येताना ती भरत आली की मोटरला वीज ठेवायला जागा उरत नाही. मग शहरात गप्प असलेला ब्रेक घाटात बोलू लागतो.

चाकाजवळचा दोष ठरला तरी पॅड बदलण्याची घाई नको. कॅलिपर ज्या दोन स्लाइड पिनांवर पुढे-मागे सरकतो, त्या आधी पाहाव्यात. चांगली पिन बोटाने ढकलली की सरकते. अडकलेली पिन पाना लावून फिरवावी लागते आणि बाहेर येते ती कोरडी, तपकिरी, ग्रीसचा मागमूस नसलेली. ती अडकली की कॅलिपर मोकळा सरकत नाही, आतला पॅड एकटाच डिस्कवर दाबला जातो आणि सुटतानाही पूर्ण सुटत नाही. मग आतला पॅड पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा जवळजवळ नव्यासारखा, अशी जोडी निघते. चाकाच्या जाळीतून डोकावून पाहणाऱ्याला फक्त बाहेरचा पॅड दिसतो. "पॅड जाड आहेत, उघडायचा खर्च कशाला?" या हरकतीला माझं उत्तर हेच आहे. दुसरी हरकत अशी की दोन-चार वेळा जोरात ब्रेक मारले की गंज आपोआप निघतो. पातळ थराबाबत हे खरं आहे. पण पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज आणि आतली कोरडी पिन अशा ब्रेकने सुटत नाहीत. आणि नवे पॅड टाकल्यावर आवाज थांबतो, हे कसं? थांबतो, कारण पॅड बदलताना मेकॅनिक बरीच साफसफाई करतोच. पिन तशाच राहिल्या तर आवाज परत येतो, आणि मधल्या काळात चांगले पॅड भंगारात गेलेले असतात. म्हणून किलोमीटर न बघता वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ करावेत आणि पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावावं. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा अडकते.

ब्रेक ऑइलचीही तीच गत होते. बऱ्याच गॅरेजमध्ये ते पॅडबरोबर बदललं जातं. पॅडच टिकले तर ऑइलही वर्षानुवर्षं तेच राहतं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० वर येते. शिवाय ही ओल ब्रेकच्या पंपात आणि झडपांत पोचते. प्रियसमध्ये ड्रायव्हरचं दार उघडताच बोनेटखाली काही सेकंद घुर्र असा आवाज येतो; तो पंप दाब साठवत असतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र गाडी उभी, पाय पेडलवर नाही, तरी पंप थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर साठवलेला दाब आत कुठेतरी गळतो आहे. हे काम महाग असतं, म्हणून लोक ते टाळतात, आणि टाळण्यासारखी बाब नेमकी हीच नाही. स्कॅनर लावून तपासणी लगेच करून घ्यावी; ब्रेकचा लाल दिवा लागला तर गाडी उचलूनच न्यावी. आणि ज्या मेकॅनिकने हायब्रिडचे ब्रेक आधी उघडलेले नाहीत, त्याला एक गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी सांगायलाच हवी : दार उघडल्याने किंवा पेडलला धक्का लागल्याने हा पंप जागा होतो आणि पॅड काढलेला असताना पिस्टन जोरात बाहेर येऊ शकतो. ब्रेकची यंत्रणा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बंद केल्याशिवाय आणि चावी गाडीपासून लांब ठेवल्याशिवाय त्याने कॅलिपरमध्ये बोटं घालू नयेत.