दोन फोन आणि मालकीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



यंत्रांची तुलना करताना सोयींची बेरीज करण्याची पद्धत पडून गेली आहे. एका यंत्रात दहा सोयी, दुसऱ्यात शंभर. म्हणून दुसरे दहापट श्रेष्ठ, असा हा हिशेब असतो. तो दुकानदाराच्या उपयोगाचा आहे. नोकिया कंपनीचा '११००' हा साधा मोबाईल २००३ साली बाजारात आला आणि ॲपल कंपनीचा पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस निघाला. दोहोंत जेमतेम चार वर्षांचे अंतर. बेरजेच्या हिशेबाने या दोन वस्तू शेजारी ठेवणेही हास्यास्पद ठरेल. परंतु पैसे मोजून घेतलेली वस्तू त्यानंतर नेमकी कोणाची होते, असा प्रश्न विचारला की निकाल तितका सोपा राहत नाही.

नोकिया ११०० चे वजन ८६ ग्रॅम होते. पडदा कृष्णधवल, ९६ गुणिले ६५ ठिपक्यांचा. कॅमेरा नाही, इंटरनेट नाही, रेडिओसुद्धा नाही. बोलणे, संदेश पाठवणे, गजर लावणे आणि माथ्यावरचा एक लहानसा दिवा, एवढाच संसार. मात्र या वस्तूची घडण करणाऱ्यांनी तो वापरणारा माणूस नीट पाहिलेला होता. धूळ आत शिरू नये म्हणून बटणे सुटी न ठेवता रबराच्या एकाच अखंड पटलातून काढलेली होती. घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून कडांना खरखरीतपणा होता. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसलेल्या मुलखात बॅटरी अनेक दिवस पुरत होती. मधल्या, म्हणजे पाच आकड्याच्या बटणावर एक बारीक उंचवटा असे. अंध माणूस त्या आधारे बोटांनीच आकडे ओळखू शके. ही शेवटची सोय जवळजवळ सर्वच बटणांच्या फोनांत होती, म्हणून तिचे कौतुक कोणी केले नाही. पुढे बटणेच गेली, तेव्हा तिची किंमत कळली. या एका फोनचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. नोकियाने विकलेला शंभर कोटीवा फोन २००५ साली नायजेरियात खपला, तो हाच होता.

पण साध्या फोनचे खरे मोल त्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते लोकांनी त्याच्याकडून करून घेतलेल्या कामात आहे. भारतात २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि त्यानंतर 'मिस्ड कॉल' ही एक स्वतंत्र भाषाच निर्माण झाली. एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन घंट्या म्हणजे खाली ये. कोणत्याही कंपनीने ही भाषा शिकवली नव्हती आणि तिच्यावर कोणाला आकारही लावता आला नाही. केरळच्या उत्तर किनाऱ्यावरील तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तो त्याआधीच्या पिढीच्या साध्या फोनांविषयी, १९९७ ते २००१ या काळाचा आहे. फोन येण्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी समुद्रात फेकली जात होती आणि त्याच सकाळी थोड्या मैलांवरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतत होते. होडीतूनच बंदरोबंदरी भाव विचारता येऊ लागल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. विकणारा आणि घेणारा दोघांचाही एकाच वेळी लाभ व्हावा, असे अर्थव्यवहारात क्वचितच घडते.

आयफोनचे वर्ष म्हणून २००७ ची नोंद सर्वत्र झाली आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये केनियात सफारीकॉम कंपनीने 'एम-पेसा' ही योजना सुरू केली. साध्या फोनवरून, बँकेत खाते नसलेल्या माणसाला, गावाकडे पैसे पाठवण्याची ही सोय होती. तिच्या उभारणीत ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीचेही साहाय्य होते. नैरोबीत मजुरी करणाऱ्याने आपली कमाई बसचालकाच्या हाती सोपवून देवावर हवाला ठेवण्याचे दिवस त्यामुळे सरले. तिच्यासाठी कोणत्याही शहरात दुकानांपुढे रात्रभर रांगा लागल्या नाहीत, हे खरे.

आता आयफोनकडे वळावे. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी तो जगापुढे ठेवला, तेव्हाचे कौतुक पोकळ नव्हते. साडेतीन इंचांची काच, तिच्यावर बोटांनी चित्र ताणावे, मिटावे, सरकवावे. संगणकावर दिसते तसे संपूर्ण पान हातात दिसावे. यंत्राशी बोलण्याची ती नवी रीत होती आणि पुढच्या सर्व फोनांनी तीच उचलली. तरीही त्या पहिल्या यंत्रात काय नव्हते, हे पाहणे मनोरंजक आहे. त्याला तिसऱ्या पिढीचे वेगवान जाळे वापरता येत नव्हते. संदेशाबरोबर छायाचित्र पाठवता येत नव्हते. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवता येत नव्हता. ती सोय २००९ साली आली. देवनागरीत लिहिण्याची तर गोष्टच नको. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, आणि त्यावर एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार. ग्राहकाच्या मासिक बिलातलाही वाटा ॲपलकडे जात होता. भारतात आयफोन अधिकृतपणे आला तो ऑगस्ट २००८ मध्ये, दुसऱ्या पिढीचा, एकतीस हजार रुपयांना.

उणिवा पुढे भरून निघाल्या, त्यांविषयी तक्रार नाही. प्रश्न आहे तो जाणूनबुजून ठेवलेल्या कुलपांचा. ॲपलने बॅटरी आत बंद केली. ती निकामी झाली की यंत्र कंपनीकडे धाडायचे. बाहेरच्या कोणाचा कार्यक्रम त्यावर चालवता येत नव्हता. काही ग्राहकांनी आपल्या पैशाने घेतलेल्या फोनचे कुलूप काढून त्यात दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घातले. २००७ च्या सप्टेंबरात ॲपलने दुरुस्तीचा नवा कार्यक्रम पाठवला आणि अशांपैकी अनेक फोन विटेसारखे निर्जीव झाले. कंपनीने आगाऊ इशारा दिला होता आणि दोष कुलूप काढणाऱ्या साधनांचा असल्याचे म्हटले होते. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच: विक्रीनंतर काही महिन्यांनी, दूर बसलेली कंपनी ग्राहकाच्या खिशातील वस्तूचे वर्तन बदलू शकत होती.

याच्याशेजारी त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली दुसरी घटना ठेवावी. नोकियाच्या अनेक साध्या फोनांत, ११०० मध्येही, 'बीएल-५सी' ही बॅटरी बसत असे. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याचा धोका असल्याचे नोकियाने जाहीर केले आणि त्या बदलून देऊ केल्या. कंपनीची चूक मोठी होती. परंतु मागचे झाकण अंगठ्याने सरकवून, बॅटरीवरचा क्रमांक वाचून, सदोष असेल तर दुसरी घालणे हे काम शेतमजूरही घरी बसून करू शकत होता. फोन त्याच्या हातून कोठेही जात नव्हता. साध्या फोनची विक्री दुकानात पूर्ण होत असे. स्मार्टफोनची विक्री दुकानात सुरू होते. १० जुलै २००८ रोजी ॲपलने कार्यक्रमांचे दुकान उघडले आणि विक्रीत तीस टक्के आपला हिस्सा ठरवला, तेव्हा हे नाते पक्के झाले. जमीन विकल्यावरही तिच्या पिकात वाटा राखणाऱ्या खोताची आठवण कोकणातल्या माणसाला येथे झाल्यास नवल नाही.

यावरून साधा फोन म्हणजे सत्ययुग होते असे कोणी म्हणू नये. मराठी माणसाला त्यावर आपली भाषा बहुधा रोमन अक्षरांत लिहावी लागे. आज गावोगावची माणसे खिशातील यंत्रावर देवनागरीत लिहितात, ही स्मार्टफोनचीच देणगी आहे. काचेच्या पडद्याने अंधांना प्रथम दाराबाहेर ठेवले, पण २००९ साली आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारा आवाज आला आणि बारीक उंचवट्यापेक्षा कितीतरी अधिक जग त्यांना खुले झाले. तेव्हा भांडण सामर्थ्याशी नाही. सामर्थ्यासोबत कुलूप अपरिहार्यच असते, या युक्तिवादाशी आहे.

तो युक्तिवाद आणखी एका कारणाने लंगडा पडतो. हे सामर्थ्य एकट्या कंपनीने निर्माण केलेलेच नाही. साधा फोन ज्या 'जीएसएम' पद्धतीवर चालला, तिची जुळणी १९८२ पासून युरोपातील टपाल व तार खात्यांनी एकत्र बसून केली. आयफोनच्या बोटांच्या जादूमागे डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन आणि जॉन एलियास यांनी केलेले काम आहे. त्यांची छोटी कंपनी ॲपलने २००५ साली विकत घेतली. इंटरनेटचा उगम अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चात आहे. मारियाना मॅझुकाटो यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात हा सारा हिशेब मांडला आहे. पेरणीला सरकारी खजिना आणि कापणीला खाजगी कोयता, असा तो हिशेब आहे.

फोन घडवणाऱ्या हातांच्या बाबतीत मात्र या दोन फोनांत भेद करणे कठीण आहे. तामिळनाडूतील श्रीपेरुम्बुदूर येथे २००६ साली नोकियाचा कारखाना सुरू झाला. साधे फोन तेथे तरुण कामगारांच्या, विशेषतः मुलींच्या, हातून लाखोंनी तयार झाले. करांचा वाद आणि मायक्रोसॉफ्टशी झालेला सौदा यांच्या कात्रीत सापडून तो १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला. तोच कारखाना पुढे साल्कॉम्प या कंपनीने घेतला. ती ॲपलला चार्जर पुरवते. जवळच फॉक्सकॉनचा आयफोन जोडण्याचा कारखाना आहे. तेथील कामगार मुलींना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी चेन्नई-बंगळूर महामार्ग अडवून धरला. फोन बदलला, रस्त्यावर बसण्याची पाळी बदलली नाही.

कुलुपे मात्र कायद्याने काढता येतात, याचा पुरावा आता उपलब्ध आहे. मार्च २०२४ पासून युरोपीय संघात ॲपलला आपल्या यंत्रावर इतरांच्या दुकानांना वाट द्यावी लागली. बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असा नियम संघाने २०२३ साली केला आणि, काही सवलती ठेवून, त्याच्या अंमलासाठी फेब्रुवारी २०२७ हा मुहूर्त ठरवला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे एक संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्ती कोठे मिळेल, याची माहिती तेथे कंपन्या देतात. झाकण अंगठ्याने उघडावे, अशी सक्ती त्या माहितीने कोणावर होत नाही.