दारू सोडवायची दुकानं

(वस्तीतल्या युवा शिबिरात केलेलं भाषण)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘व्यसनमुक्ती’ असा छापलाय. पण दारू वाईट हे सांगायला मी उभा नाही. ते सगळेच सांगतात. नगरसेवक सांगतो, फौजदार सांगतो, हप्ता घेऊन गेलेला हवालदारसुद्धा जाताजाता सांगतो. पाचवं शील आपण हात जोडून म्हणतो, आणि जयंतीच्या रात्री डीजेच्या गाडीमागं काय चालतं तेही आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याची एक आहे. ज्याला ती कळते त्याला भाषण नको, आणि ज्याचे हात सकाळी सहाला थरथरतात त्याला भाषणाचा उपयोग नाही.

माझा प्रश्न साधा आहे. माणूस सोडायला तयार झाला, निदान घरच्यांचा निर्धार झाला, तर त्याला न्यायचं कुठं? कुणाच्या दारात? ते दार बरं की वाईट हे ओळखायचं कसं?

दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी करून २०१९ मध्ये अहवाल काढला. त्यात असं निघालं की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर अडतीस माणसांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळतात ते एकशेऐंशीत एकाला. मग उरलेले सदतीस कुठं जातात? भगताकडे जातात. माळ घालतात, माळ तुटते, परत घालतात. भिंतीवरच्या जाहिरातीला फोन लावतात, ‘न सांगता दारू सोडवा’. ती पावडर बायको चहातून घालते. मित्रांनो, अशा पावडरीत पुष्कळदा डायसल्फिराम असतं. हे औषध खरं आहे, डॉक्टर ते देतात. पण माणसाला सांगून, त्याची छाती-लिव्हर तपासून देतात. ते पोटात असताना दारू पडली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, ब्लडप्रेशर कोसळतं, आणि माणूस मरूही शकतो. नवऱ्याला वाचवायला गेलेली आपली बहीण अशानं त्याला मारून बसेल. म्हणून चोरून काही घालायचं नाही. हे आज घरी जाऊन आयांना सांगा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

दुसरी गोष्ट अंगाची आहे. आपल्यात मर्दानगीनं म्हणतात, ‘कोंडून टाका साल्याला चार दिवस, उतरेल.’ रोज खंबा रिचवणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे असतात. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. काहींना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलवायला येतात, दिवस की रात्र कळत नाही, ताप चढतो. बायाबापड्या म्हणतात, झपाटलं. झपाटलंबिपाटलं काही नाही. दारूची सवय झालेला मेंदू दारूवाचून बिथरलेला असतो आणि अशात माणूस दगावतो. सरकारी दवाखान्यात यावर औषध आहे. मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या ठरल्या मापानं चढवून मग उतरवतात, बी-वनची इंजेक्शनं देतात. खर्च किरकोळ. त्यामुळं कुठल्याही केंद्रात पाय टाकला की पहिला प्रश्न हाच: रात्री दोन वाजता फिट आली तर डॉक्टर कोण, कुठं राहतो, किती वेळात पोचतो? ‘आमच्याकडं तसं होत नाही’ असं उत्तर आलं की माणसाचा हात धरायचा आणि बाहेर पडायचं.

आता दारं कोणकोणती ते सांगतो.

सरकारी दवाखान्यातला मनोविकार विभाग. केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्या मोठ्या इस्पितळांत तो आहे, जिल्हा रुग्णालयांतही असतो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार मनोरुग्णालयं आहेत. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून आपण तोंड फिरवतो. लाज वाटते. गुत्त्याच्या ओट्यावर पडलेला बाप उचलताना वाटते त्याहून ही लाज मोठी आहे का? रांग मोठी असते, कबूल. केसपेपरवाला खेकसतो, कबूल. पण तिथं शिकलेला डॉक्टर असतो आणि तो दर आठवड्याला तिथंच असतो.

मग संस्था. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन काढलं. पुण्यात १९८६ मध्ये डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं, पुलंच्या देणगीचा हात त्यामागं होता. त्या वेळी मुंबईपुण्याच्या पोरांना गर्द खात होतं. ही मंडळी आपल्या चाळीतली नव्हेत, सदाशिव पेठेशी आपलं भांडण मिटलेलंही नाही. पण काम खरं असेल तर खरं म्हणावं. उपचार संपल्यावर माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, घरच्यांनाही शिकवायचं, आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसालाच कार्यकर्ता करायचं, ही रीत तिथून महाराष्ट्रभर गेली.

केंद्र सरकारचं सामाजिक न्याय मंत्रालय अनुदान देऊन काही केंद्रं चालवतं. हो, तेच खातं, आपल्या स्कॉलरशिपा अडकवणारं. त्यांच्या १४४४६ या फुकट नंबरवर जवळचं केंद्र विचारता येतं. बोर्डावर अनुदानाचं नाव आणि हातात पंधरा हजारांची पावती असं दिसलं तर भांडा.

आणि एए. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. अमेरिकेत १९३५ ला निघालं, भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, जात तर नाहीच. पिणारे जमतात आणि आपली कर्मकहाणी सांगतात. मराठी बैठकाही होतात, बहुतेक शाळेच्या नाहीतर चर्चच्या खोलीत. आपल्या पोरांना तिथला देवाचा उल्लेख खटकतो. मलाही खटकला. पण देव कुठला ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. एका जुन्या पँथरनं तिथं बैठकीलाच देव मानलं आणि त्याचं निभलं. मात्र फिटा येणाऱ्या माणसाला आधी दवाखाना, मग बैठक.

राहिली खासगी केंद्रं. हायवेवरचे भाड्याचे बंगले. आत गाद्या, खिडकीला जाळी, बाहेर कुलूप. यातली काही बरी आहेत. काहींत मी आपली पोरं सोडवायला गेलोय, म्हणून हे बोलणं.

एका केंद्राचं सांगतो, नाव घेत नाही. आपल्या वस्तीतला पोरगा, महापालिकेत कंत्राटी सफाई कामगार. बापही तेच करायचा. गटारात उतरायचं तर नवटाक मारल्याशिवाय नाक आत जात नाही हे त्याला मुकादमानंच शिकवलं. २०१३ चा कायदा सांगतो की साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवायचं नाही. कायदा कागदावर आणि पोरगा गटारात! तर हा पोरगा केंद्रात गेला. आडनाव विचारलं, धंदा विचारला. दुसऱ्या दिवशी हातात खराटा. चाळीस माणसांचे संडास, रोज. नाव काय तर ‘वर्क थेरपी’. कुणी शेटजीचा पोरगा तिथंच होता, त्याची थेरपी ऑफिसात रजिस्टर लिहिण्याची. टक्कल करून टाकलेलं. तक्रार केली तर पट्टा. महिन्याला अकरा हजार त्याच्या आईनं मंगळसूत्र मोडून भरलेले. आई धुणीभांडी करून पैसे भरते आणि पोरगा फुकट संडास धुतो! दारू सोडवायला गेलेल्याला तिथं जात परत शिकवली.

मित्रांनो, याला आपल्या हातात कायदा आहे आणि तो आपण वाचलेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. दारू आणि ड्रग्जमुळं येणारे मानसिक आजार या कायद्यात धरलेत. म्हणजे असं माणूस दाखल करून घेणारं केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदलेलं पाहिजे. नोंदणी नसेल तर केंद्र बेकायदा, ट्रस्टचा बोर्ड कितीही मोठा असो. दारात उभं राहून नंबर मागायचा. कलम २० पाठ करा. जबरदस्तीनं काम करून घ्यायचं नाही, काम केलं तर मोबदला द्यायचा. सक्तीनं टक्कल करायचं नाही. स्वतःचे कपडे घालू द्यायचे. मारहाण, शिवीगाळ चालणार नाही. साखळीनं बांधायला बंदी आहे. घरच्यांना भेटणं, फोन करणं हा हक्क आहे. ‘एक महिना भेट नाही, ट्रीटमेंट बिघडते’ असं जो म्हणतो तो काहीतरी लपवतोय. आणि जात बघून जबरी काम लावलं तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीच्या माणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

अजून एक. रात्री गाडी येते, चार पहिलवान उतरतात, माणसाला झोपेतून उचलून नेतात. घरच्यांनीच फोन केलेला असतो, आयांचा जीव कंटाळलेला असतो, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण कायद्यात उचलून नेणं नाही. माणूस स्वतः दाखल होऊ शकतो आणि स्वतः निघूही शकतो. त्याला स्वतःचं भान नसेल तर जवळच्या माणसाच्या अर्जावर, दोघांनी वेगवेगळं तपासून दाखल करता येतं, तेही आधी तीस दिवसांपर्यंतच. तपासणाऱ्यांत पहिलवान बसत नाहीत.

आता पैशाचं. सगळे विचारतात, कुठलं स्वस्त? मी विचारतो, दाखल करायची गरज आहे का? महिना-पस्तीस दिवस आत म्हणजे हजेरी गेली, कंत्राटदारानं दुसरा माणूस घेतला. नोकरी गेलेला माणूस बाहेर येऊन काय करणार? गुत्ताच गाठणार. ज्याला फिटा नाहीत, ज्याच्या घरात एक तरी माणूस सोबत बसणारं आहे, त्याचं पुष्कळदा ओपीडीवर भागतं. हे खासगीवाला कधी सांगत नाही, कारण त्याचा धंदा खाटेवर चालतो. फिटा येऊन गेल्यात, भ्रम झालाय, आधीचे प्रयत्न फसलेत, घरात सगळेच पितात, अशाला मात्र दाखल करा.

‘शंभर टक्के गॅरंटी’वाल्याच्या तोंडाला पानं पुसा. हा आजार उलटतो. डायबेटिसवाल्याची साखर वाढते तसा उलटतो. टक्का विचारण्यापेक्षा हे विचारा: बाहेर पडल्यावर सहाव्या महिन्यात तुमचा माणूस त्याच्या घरी जातो का? घसरला तर परत घेता की हाकलता? घरच्यांना बोलावता का? गर्दवाल्या पोरांच्या बाबतीत तर हे जिवावरचं आहे. महिनाभर सोडलेल्या अंगाला जुना डोस पेलत नाही. बाहेर आला, जुन्या मापानं घेतला आणि गेला, अशी मढी आपण उचललीत. त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांवर मिळते. ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणून तिला हिणवू नका. ती घेऊन पोरगा कामावर जातो.

आणि बाया. मिश्री-तंबाखू सोडा, दारू पिणाऱ्या, बटणाच्या गोळ्या खाणाऱ्या आपल्याही बाया आहेत. कचरा वेचणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या. त्यांच्याबद्दल या शिबिरात एक शब्द निघाला नाही. बायांसाठी वेगळा विभाग असलेली केंद्रं फार थोडी आहेत. वेगळा विभाग, बाई कर्मचारी, रात्री किल्ली कुणाकडं, एवढं तपासल्याशिवाय बाईला कुठंही ठेवायचं नाही.

सरकारबद्दल थोडंच बोलतो. दारूच्या करातून हे राज्य वर्षाला वीस हजार कोटींच्या वर कमावतं. व्यसनमुक्तीचं धोरणही याच राज्यानं २०११ ला काढलं. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली, बहुतेक झोपडपट्टीतली, हातावर पोट असलेली. धोरण तेव्हाही होतं.

मागं टेबलावर एक वही ठेवलीय. त्यात मी आणि आपल्या चार पोरांनी बघितलेल्या नऊ केंद्रांची पानं आहेत. नोंदणी नंबर, डॉक्टरची वेळ, एकूण खर्च, संडास कोण धुतो, भेटीचा वार. पाच पानं अजून अर्धी आहेत. ज्यांना मोटरसायकल चालवता येते त्यांनी नावं लिहा, येत्या रविवारी पनवेलच्या बाजूची दोन बघायचीत. आणि सोमवारी सकाळी साडेसातला नायरच्या ओपीडीला दोन माणसं न्यायचीत. केसपेपरच्या रांगेत उभं राहायला कोण येतंय?